गळती

माझा विषय गळती आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघतो. तिथे पुरावा भरपूर असल्यामुळे त्याचा गैरसमज पक्का होतो. मग सांगावं लागतं, की केसांची नव्हे, नळाची. टाकीतून सुटलेलं पाणी घरातल्या नळाला येईपर्यंत वाटेत कुठे आणि किती सांडतं, हे शोधण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात आसपासच्या नगरपालिकांच्या रस्त्यांखाली काय चाललंय त्यात नाक खुपसतो. या उद्योगाची दखल परदेशात कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. पण फिलाडेल्फियात भरणाऱ्या पाणीपुरवठ्यावरच्या परिषदेने माझा निबंध स्वीकारला आणि मी पासपोर्ट शोधायला लागलो.

ही बातमी सगळ्यात मनावर घेतली ती कल्याणच्या आत्याने. आत्या पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"फिलाडेल्फिया म्हणजे आमच्या आनंदीबाईंचं," ती फोनवर म्हणाली. "कल्याणची मुलगी. विसाव्या वर्षी डॉक्टर झाली तिथे. तू पन्नाशीत निघालायस. असू दे. येताना तिथली चिमूटभर माती आण."

माती विमानातून आणू देत नाहीत, हे मी समजावून सांगितलं.

"मग पाणी आण. पाण्यातलाच माणूस ना तू?"

तिच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू आहे. त्याच्या शेजारची जागा तिने फोनवर बोलता बोलताच पुसून घेतली असणार.

परिषदेची जागा इतकी अवाढव्य होती की एका टोकाला नाव नोंदवून दुसऱ्या टोकाला चहापाशी पोचेपर्यंत चहा आवरलेला असे. बाहेर जूनचं ऊन आणि आत माघातली थंडी. आठशे-हजार माणसं गळ्यात बिल्ले अडकवून एकमेकांच्या छातीकडे बघत फिरत होती. नाव वाचायचं, हसायचं, आणि नाव कामाचं नसेल तर हसू आवरतं घेत पुढे सरकायचं. व्याख्यानांच्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या. पाण्याच्या परिषदेत तीन दिवस बाहेर पाऊस पडतोय की नाही ते कळायची सोय नव्हती.

या इमारतीचं एक मोठं दालन म्हणजे जुन्या रेल्वे स्टेशनची शेड. गाड्या १९८४ साली बंद झाल्या, कमानी राहिल्या. स्टेशन बांधलं तेव्हा, १८९३ मध्ये, रुळांच्या पोटाखाली मंडई वसवली होती, ती अजून भरते. नाव रीडिंग टर्मिनल मार्केट. म्हणजे मी वाचलं तसं. पत्ता विचारला तेव्हा 'रेडिंग' असं दुरुस्त करून मिळालं. हा या शहरातला माझा पहिला धडा.

परिषदेतून जी पहिली गळती झाली ती माझी, पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास. मंडईत पाऊल ठेवलं आणि बरं वाटलं. मासळी, चीज, मध, लोणची, भाजलेलं मांस, सगळ्यांचे वास एकमेकांना धक्के देत होते. एका बाजूला आमिश लोकांची दुकानं. दाढी राखून मिशी साफ उतरवलेले पुरुष आणि डोक्याला पांढऱ्या टोप्या बांधलेल्या बायका पीठ मळत होत्या. त्या पिठाची वळी करून गाठ मारतात, भाजतात, वर लोणी फासतात. प्रेटझेल. दिसायला जिलबीची थोरली बहीण, पण पाकात पडायच्या ऐवजी मिठात पडलेली. पहिला घास घेताना जीभ गोडाची वाट बघत राहते. दुसरा घास मग मी समजून उमजून घेतला, आणि तिसऱ्यानंतर दुसरी प्रेटझेल घेतली.

बाहेर पडलो ते रस्ते बघायला. हे शहर विल्यम पेनने १६८२ साली कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलं. लंडनचा प्लेग आणि १६६६ ची आग त्याच्या आठवणीत ताजी होती, म्हणून रस्ते रुंद आणि काटकोनात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना आकडे आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. पुण्यातल्या पेठांत पत्ता शोधत वाढलेल्या माणसाला हा हिशेब इतका सोपा वाटतो की संशय येतो. तो संशय खराच निघाला. चौदावा रस्ता शोधत मी तेरावा ओलांडला आणि एकदम पंधरावा आला. परत फिरलो. पुन्हा तेरावा. मधला रुंद रस्ता म्हणजे ब्रॉड स्ट्रीट, तोच चौदावा, पण त्याला तसं म्हणायचं नाही. पहिल्या रस्त्यालाही पहिला म्हणत नाहीत, फ्रंट स्ट्रीट म्हणतात. सदाशिव पेठेचं रक्त कुठेतरी आहे म्हणायचं. १८४२ साली चार्ल्स डिकन्स इथे आला होता, तेव्हा या रस्त्यांच्या सरळपणाला तो वैतागला होता. शहराच्या पाणीपुरवठ्याचं मात्र त्याने कौतुक करून ठेवलंय. त्या दिवसापासून डिकन्सबद्दलचा माझा आदर वाढला.

त्या ब्रॉड स्ट्रीटच्या मधोमध सिटी हॉल आणि त्याच्या डोक्यावर अकरा मीटर उंचीचा पेन. शहरातली कुठलीही इमारत त्याच्या हॅटपेक्षा उंच बांधायची नाही, असा अलिखित करार बरीच वर्षं पाळला गेला. १९८७ साली एका टॉवरने तो मोडला, आणि त्यानंतर शहराच्या संघांना अजिंक्यपद मिळेनासं झालं. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, आणखी एक उंच टॉवर झाला तेव्हा त्याच्या सगळ्यात वरच्या तुळईवर पेनची एक छोटी मूर्ती बसवली. २००८ साली बेसबॉलचा संघ जिंकला. आपल्याकडे याला वास्तुदोष म्हणतात आणि उपायही साधारण हाच सांगतात. फक्त आपल्याकडे त्याची पावती मिळते.

दुसऱ्या दिवशी घंटा बघायला गेलो. खरं तर त्या वेळी 'पाणी आणि शाश्वतता' यावर चर्चासत्र होतं. पण शाश्वत असल्यामुळे ते पुढच्या वर्षीही असणारच होतं.

लिबर्टी बेलची गोष्ट शाळेत वाचली होती, तेव्हा मनात उरली ती एवढीच, की स्वातंत्र्याच्या आनंदात घंटा इतकी वाजवली की तडकली. तसं काही घडलेलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेने १७५१ साली लंडनच्या व्हाइटचॅपलच्या ओतशाळेकडे घंटेची मागणी नोंदवली. १७५२ साली घंटा आली, टांगली, आवाज बघायला म्हणून एक टोल दिला आणि तिला तडा गेला. पहिल्याच टोलाला. मग जॉन पास आणि जॉन स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती फोडली, वितळवली, पुन्हा तडकू नये म्हणून जास्त तांबं घातलं आणि नव्याने ओतली. या वेळी तडा गेला नाही, पण आवाज असा निघाला की कारागिरांना तोंड लपवावंसं वाटावं. म्हणून परत वितळवली आणि तिसऱ्यांदा ओतली. आता जी आहे ती ही. साधारण साडेनऊशे किलोची. तिच्यावर दोघांची नावं आहेत आणि पेनसिल्व्हेनियाच्या नावात एक अक्षर कमी आहे. त्या काळी तसंही लिहीत, असं म्हणतात. मराठी शुद्धलेखनाची वही भरलेल्या माणसाला हे फार दिलासा देणारं आहे.

घंटेपुढे उभा राहिल्यावर मला आठवले ते आमच्या गावचे नाना. नाना नगरपालिकेत व्हॉलमन होते. रात्री दोन वाजता, गाव निजल्यावर, लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यातल्या व्हॉलवर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचे. जमिनीखाली कुठे पाणी सुटलं असेल तर ते सळईतून त्यांना ऐकू यायचं. "इथनं चार पावलांवर," म्हणायचे. आम्ही लाखाची यंत्रं घेऊन यायचो आणि नानांनी दाखवलेल्या जागी ती चालवून बघायचो, यंत्र बरोबर आहे का ते कळावं म्हणून. मडकं घेताना नाना टिचकी मारून बघत. खणखणलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवायचं. पास आणि स्टोची ती मधली घंटा बद्द वाजली असणार. नाना असते तर तांबं वाया गेलं नसतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. आज जी बोटभर रुंद भेग दिसते, जिच्यासमोर लोक हसून फोटो काढतात, ती मुळात भेग नाहीच. ती दुरुस्ती आहे. घंटेला बारीक तडा गेला होता. १८४६ साली वॉशिंग्टनच्या जयंतीला तिने वाजावं म्हणून कारागिरांनी तो तडा मुद्दाम कोरून रुंद केला, कारण तड्याच्या दोन कडा एकमेकींना घासल्या की घंटा बद्द बोलते आणि तडा वाढत जातो. हे काम मला घरचं आहे. बिडाच्या नळाला चीर गेली की आम्हीही आधी चिरेच्या टोकाला भोक पाडतो, चीर पुढे पळू नये म्हणून. तर घंटा दुरुस्त झाली, जयंतीला थोडा वेळ छान वाजली, आणि दुरुस्तीच्या वरच्या बाजूने नवा, केसासारखा तडा गेला. तो कुणी बघत नाही. मी शोधून बघितला आणि माझ्या शेजारच्या जपानी आजोबांना बोटाने दाखवला. त्यांनीही व्यवसायाने लोहारकाम केल्यासारखी मान हलवली.

तिला स्वातंत्र्याची घंटा हे नाव सरकारने दिलेलं नाही. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्यांनी ते रूढ केलं. मला आपल्याकडच्या घंटा आठवल्या. चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी सैन्याबरोबर निघाल्या आणि देवळांतून टांगल्या गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात. मेरीसाठी ओतलेली घंटा महादेवासाठी वाजते आणि तक्रार करत नाही. कुणासाठी वाजायचं हे घंटेला कोण विचारतो?

घंटेच्या समोर इंडिपेंडन्स हॉल. ठरलेल्या वेळेचं तिकीट काढून, सपाट कडेची टोपी घातलेल्या रेंजरच्या मागून रांगेने आत जायचं. ज्या खोलीत १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच खोलीत ११ वर्षांनी अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. खोली लहान आहे. हिरवं कापड घातलेली टेबलं, त्यावर टाक आणि दौती. जाहीरनाम्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. पण मी स्वतः एका परिषदेतून पळालेला असल्यामुळे माझं लक्ष दुसऱ्या बैठकीकडे गेलं, कारण ती अस्सल परिषद होती.

ती १४ मे १७८७ ला सुरू व्हायची होती. त्या दिवशी पुरेशी माणसंच आली नाहीत. पाऊस, चिखल आणि वाईट रस्ते, म्हणजे जी कारणं आमच्या जिल्हा अधिवेशनातही चालतात तीच. सात राज्यांची गणसंख्या भरायला २५ मे उजाडला. ऱ्होड आयलंडने तर कुणाला पाठवलंच नाही. मी माझ्या धंद्याच्या सवयीने आकडे मांडले. राज्यांनी नेमलेले प्रतिनिधी ७४, प्रत्यक्ष आले ५५, आणि शेवटी सह्या ३९. म्हणजे टाकीतून सुटलेल्यातलं निम्म्याच्या थोडंसं वर नळाला आलं. एवढ्या गळतीवर आमच्या नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना नोटीस येते.

भाषणंही परिषदेला शोभणारी. अलेक्झांडर हॅमिल्टन एका दिवशी पाच-सहा तास बोलला. मेरिलँडचा ल्यूथर मार्टिन एक दिवस बोलून थकला नाही, तो दुसऱ्या दिवशीही बोलला. 'दोन मिनिटं उरली' असा कागद दाखवणारी मुलगी तेव्हा नव्हती. आणि हे सगळं फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्यात, खिडक्या बंद करून. आत काय बोलणं चाललंय ते बाहेर फुटू नये म्हणून. दारावर पहारेकरी. लोकरीचे कोट घातलेली पन्नास माणसं त्या खोलीत चार महिने उकडत बसली. आमच्या परिषदेत गार वाऱ्याने कुडकुडणाऱ्यांना मी नंतर हे सांगितलं, पण तोपर्यंत त्यांनी टॉवेल पांघरले होते.

त्या खोलीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जॉर्जियाच्या विल्यम पिअर्सने लिहून ठेवली आहे. एका प्रतिनिधीच्या हातून प्रस्तावांची गुप्त प्रत खाली पडली. ती सापडली आणि सभेचा अध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टनकडे पोचली. दिवसभर तो काही बोलला नाही. संध्याकाळी सभा उठताना उभा राहिला, बातम्या बाहेर फुटल्या तर काय होईल ते सुनावलं, कागद टेबलावर टाकला, ज्याचा असेल त्याने घ्यावा म्हणाला, वाकून नमस्कार केला, हॅट उचलली आणि निघून गेला. कागद घ्यायला कुणी पुढे आलं नाही. पिअर्सने स्वतःचा खिसा चाचपला तर प्रत नाही! घाम फुटला. धीर करून टेबलापाशी गेला आणि अक्षर बघितलं. दुसऱ्याचं होतं. मुक्कामावर परतल्यावर त्याची प्रत सकाळी काढून ठेवलेल्या कोटात सापडली. शाळेत 'वही घरी राहिली' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने हा प्रसंग भोगलाय. फक्त वर्गावर वॉशिंग्टन नसतो. तो कागद कुणाचा, ते कधीच कळलं नाही. तिथली चर्चा मात्र शेवटी फुटलीच. जेम्स मॅडिसनने रोज टिपणं काढली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर १८४० साली छापली गेली. त्रेपन्न वर्षांनी पाणी वर आलं. अशी संथ गळती नानांनाही सळईने ऐकू आली नसती.

जाता जाता बेंजामिन फ्रँकलिनची कबर. ८१ व्या वर्षी तो या परिषदेला बसला होता आणि पुढे तीन वर्षांत गेला. कबर भिंतीच्या कडेला आहे आणि भिंतीत लोखंडी जाळी बसवली आहे, म्हणून रस्त्यावरून दिसते. काटकसरीवर आयुष्यभर सुभाषितं लिहिणाऱ्या या माणसाच्या कबरीवर लोक जाळीतून नाणी टाकतात. त्या नाण्यांच्या माराने दगडाला खड्डे पडले, दगडाला तडाही गेला होता, आणि काही वर्षांपूर्वी लोकांकडून पैसे जमवून तो दुरुस्त करावा लागला. मी हसणार होतो. पण गोदावरीच्या पुलावर गाडी आली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो, हे आठवलं आणि मी एक सेंट टाकला. हळूच, कडेला, दगडाला लागणार नाही असा.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर माझा निबंध. श्रोते सात. गणसंख्या पूर्ण! त्यांपैकी तिघे माझ्यानंतर बोलणारे होते, एक अध्यक्ष, एक कागद दाखवणारी मुलगी, आणि एक गृहस्थ गाढ झोपलेले. उरलेल्या बाईंनी मात्र सगळं लिहून घेतलं आणि शेवटी प्रश्न विचारला. नाना हे तुमच्या पद्धतीतलं कुठलं उपकरण, त्याची किंमत काय? मी नानांचा फोटो दाखवायला घेतला, तेवढ्यात दोन मिनिटांचा कागद आला.

त्या संध्याकाळी मी माझ्या तीर्थक्षेत्राला गेलो. स्कूकल नदीच्या काठावरचं फेअरमाउंट वॉटर वर्क्स. नदीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये इतकी अक्षरं आहेत की मी मनात 'शुयलकिल' म्हणत होतो. टॅक्सीवाल्याने ते ऐकलं आणि मला पुन्हा शाळेत घातलं. मग त्याने विचारलं, बाबा, कशाच्या परिषदेला आलास? 'वॉटर', मी म्हणालो. 'ओ, वुडर!' तो म्हणाला. मला वाटलं त्याला लाकूड ऐकू आलं. पण नाही. फिलाडेल्फियाचे लोक पाण्याला वुडरच म्हणतात. रस्त्याकडेला जो बर्फाचा गोळा चमच्याने खायला देतात तो वुडर आइस. मी पंचवीस वर्षं ज्याच्यावर काम केलं त्याचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. याच गावात एक शब्द आहे 'जॉन'. माणूस नव्हे, कुठलीही वस्तू, जागा, प्रसंग, ज्याचं नाव ऐन वेळी सुचत नाही ते सगळं जॉन. आमची आत्या त्याला 'ते हे' म्हणते.

या वॉटर वर्क्सची गोष्ट तापापासून सुरू होते. १७९३ च्या उन्हाळ्यात पिवळ्या तापाने या शहरातली सुमारे पाच हजार माणसं मेली. तेव्हा शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आणि देशाची राजधानी इथेच. वॉशिंग्टनसकट सरकार गावाबाहेर गेलं. ताप घाणीतून आणि दूषित हवेतून येतो अशी समजूत होती, म्हणून ठरलं की रस्ते धुवायला आणि प्यायला चांगलं पाणी आणायचं. बेंजामिन लॅट्रोबने वाफेची यंत्रं लावून १८०१ साली स्कूकलचं पाणी शहराच्या मध्यावर आणलं, आज सिटी हॉल आहे तिथे. ताप डासांमुळे येत होता हे सिद्ध व्हायला आणखी शंभर वर्षं लागली. चुकीच्या कारणासाठी बरोबर काम झालेलं मी नोकरीत अनेकदा बघितलंय. उलट्याचीही उदाहरणं आहेत, पण ती निवृत्तीनंतर.

पहिले नळ लाकडाचे होते. झाडाचं सरळ खोड घ्यायचं, मधून आरपार भोक पाडायचं, एकाचं निमुळतं टोक दुसऱ्यात ठोकायचं. रस्ते खोदताना असे ओंडके अजून सापडतात. एक तुकडा मी तिथे बघितला आणि मूर्तीसारखा हात लावला. म्हणजे वुडर खरंच वुडमधून आलेलं! फ्रेडरिक ग्राफने पुढे फेअरमाउंट उभं केलं. आधी १८१५ मध्ये वाफेवर, मग नदीला बांध घालून १८२२ पासून पाणचक्क्यांवर. टेकडीवरच्या तळ्यात पाणी चढवायचं आणि उताराने गावात सोडायचं. आमच्या कात्रजच्या नळालाही उतारच होता. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला तलावातून दगडी नळाने पुण्यात पाणी आणलं, वाटेत हवा जायला उच्छ्वास ठेवले. दोन्ही ठिकाणी माणूस झोपी गेला तरी गुरुत्वाकर्षण कामावर येत असे.

इमारती देवळासारख्या. पांढरे खांब, त्रिकोणी माथे. आत पाणचक्क्या आहेत याची बाहेरून शंकाही येऊ नये. मागच्या टेकडीवर, जिथे तळं होतं, तिथे आता कलेचं संग्रहालय आहे. त्याच्या ७२ पायऱ्या रॉकी चित्रपटातल्या मुष्टियोद्ध्यासारख्या पळत चढायच्या अशी पद्धत आहे. मी चढलो, दोन वेळा बसून. वर दालनांत फिरताना एकदम मदुराईच्या देवळातला मंडप समोर आला, अख्खाच्या अख्खा, सोळाव्या शतकातला. एक अमेरिकन बाई तो १९१२ साली घेऊन आली होती. मी खांबापाशी थबकलो. चपला काढायच्या का? पहारेकरी बघत होता. शेवटी एक पाऊल चपलेतून अर्धवट बाहेर काढून उभा राहिलो. देव समजून घेतो, पहारेकऱ्याचं सांगता येत नाही.

खाली उतरून नदीकाठी बसलो आणि आत्या आठवली. आनंदीबाई १८८३ साली इथे आल्या. ११ मार्च १८८६ ला वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली तेव्हा त्यांना एकविसावं वर्ष पुरं व्हायला काही दिवस बाकी होते. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. कॉलेज इथून फार लांब नव्हतं. ते कॉलेज १९३० सालीच त्या जागेवरून हललं. पण फेअरमाउंटचे पंप १९०९ पर्यंत चालू होते, आणि आनंदीबाईंच्या काळी या शहराला पाणी मुख्यतः याच नदीचं जाई. म्हणजे तीन हिवाळे त्यांनी बहुधा हेच पाणी प्यायलं. साडी नेसून, बर्फात चालत जाऊन, परत आल्यावर खोलीत ओतून घेतलेलं एक भांडंभर पाणी. त्या वेळी वरच्या अंगाच्या गिरण्यांची आणि गावांची घाण नदीत येत होती आणि शहरात विषमज्वर वरचेवर फिरकत होता. गाळणी पुढच्या शतकात बसली. त्यांचा जीव घेतला तो क्षयाने. परत आल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. एकवीस वर्षांचं आयुष्य. माझी मुलगी या वयात वसतिगृहाच्या नळाला गरम पाणी येत नाही म्हणून मला रोज फोन करायची, आणि मी तिला व्हॉल कसा तपासायचा ते सांगायचो.

तिथल्या पिण्याच्या नळाला बाटली लावली. गाळलेलं, शुद्ध केलेलं, आजचं पाणी. आत्याला एवढं पुरे होतं. झाकण घट्ट लावलं, उलटी करून बघितली. गळत नव्हती.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर बॅग ठेवली तेव्हा बाटली कडेच्या कप्प्यात होती. पाणी आणायचं कबूल करताना, माती चालत नाही हे आत्याला ठसक्यात सांगताना, हा नियम मला आठवला नव्हता. पाण्यातला माणूस! गणवेशातल्या उंच माणसाने बाटली वर धरली.

"काय आहे?"

"पाणी," मी म्हणालो, आणि मग त्याला समजावं म्हणून, "वुडर."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. गावचा माणूस भेटल्यासारखा हसला. पण बाटली पुढे जाणार नव्हती. तिथल्या पिंपात ओत, नाहीतर पिऊन टाक, म्हणाला. पिंपात चहा, कॉफी, सरबतं, सगळं एकत्र तरंगत होतं. तिथे ओतवेना. मागे रांग वाढत होती. मी डावा हात कमरेवर ठेवला आणि तिथेच उभ्याउभ्या लिटरभर पाणी घटाघटा संपवलं. शेवटचा थेंबसुद्धा. तो शांतपणे बघत होता. रिकामी बाटली त्याने अदबीने परत दिली.

विमानात माझी जागा खिडकीपाशी होती. शेजारी दोन धिप्पाड गृहस्थ होते आणि विमान सुटायच्या आतच दोघेही झोपले.